प्रहार आणि प्रत्युत्तर : ऑनलाइन भूमिकाखेळांतील युद्धाचा नैतिक विचार

१

सौप्तिकपर्वावर बोलणे चालू असताना तुमसरकडच्या एका विद्यार्थ्याने मला मध्येच अडवले. अश्वत्थामा रात्री निजलेल्या शिबिरात शिरला, शस्त्राने तरी मार ही धृष्टद्युम्नाची विनवणी त्याने ऐकली नाही, द्रौपदीचे पाचही पुत्र त्याने कापून काढले, इथवर सांगून मी 'अधर्म' या शब्दापाशी आलो होतो. विद्यार्थी म्हणाला, ''सर, आमच्या गेममधी हे रोजचंच आहे. पाठ फिरवली का मारतेत. अन् मेलेला दोन मिनटांत उठून येते. मंग पाप कायचं?''

वर्गात हशा पिकला. तो ओसरल्यावर मात्र माझ्या लक्षात आले की, हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. अधर्माची आपली कल्पना बहुधा परिणामाच्या आधारे उभी असते: जीव गेला, वित्त गेले, अब्रू गेली. परिणाम जर परतवता येत असेल, मेलेला जर उठून येत असेल, तर अधर्माला टेकायला जागा कोणती उरते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा माग काढण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयाची मर्यादा आधीच सांगणे इष्ट. ज्या खेळांत हजारो माणसे आपापल्या घरून एकाच कल्पित जगात एकाच वेळी वावरतात, प्रत्येकाचे एक पात्र असते, ते पात्र महिनोन्महिने वाढत जाते आणि खेळाडू उठून गेला तरी ते जग चालूच राहते, अशा खेळांना येथे 'भूमिकाखेळ' म्हटले आहे. त्यांतील राक्षस, दरोडेखोर, श्वापदे संगणक चालवतो. त्यांना मारण्याबद्दल कोणाची तक्रार नसते. नैतिक प्रश्न उद्भवतो तो एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूच्या पात्रावर शस्त्र उगारल्यावर. वाङ्मयसमीक्षेने या प्रकाराकडे का वळावे, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. पात्र, भूमिका, संहिता, कथानक ही सारी शब्दसंपत्ती या खेळांनी आपल्याच अंगणातून उचलून नेली आहे. तिचे तेथे काय झाले हे पाहण्याचा अधिकार आपला आहे, आणि जबाबदारीही.

माझ्या विद्यार्थ्याच्या मनातला खेळ मात्र भूमिकाखेळ नव्हता. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१८ साली 'पबजी मोबाइल' आला, तेव्हापासून तुमसरसारख्या तालुक्याच्या गावातली मुले पानटपरीमागच्या कट्ट्यावर माना खाली घालून बसलेली दिसू लागली. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे त्याच जातीचे दुसरे खेळ आले. या खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि अखेरीस एकच खेळाडू किंवा एकच चमू उरतो. तेथे उतरणारा प्रत्येक जण मारण्या-मरण्यासाठीच उतरलेला असतो. आखाड्यात लंगोट कसून आलेल्याने मला का पाडले असे विचारू नये, तसेच हे. नैतिकदृष्ट्या आखाडा ही सोपी जागा आहे.

भूमिकाखेळाचे जग आखाडा नसते. ते गाव असते. तेथे एक जण नदीकाठी मासे धरत बसलेला असतो, एक जण लोखंड ठोकत असतो, दोघे-तिघे नुसते गप्पा मारत असतात, आणि एक जण वाटेवर दबा धरून बसलेला असतो. हे सगळेच एकाच प्रवेशशुल्काने आत आलेले आहेत. एकाच खेळात असूनही ते एकच खेळ खेळत नाहीत, ही या प्रकारातली खरी अडचण आहे.

२

ही अडचण पहिल्याने नीट शब्दांत मांडली ती रिचर्ड बार्टल यांनी. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी केवळ शब्दांवर चालणारे एक बहुखेळाडू जग रचावयास घेतले. बार्टल त्यांचे सहकारी. त्या जगात चित्र नव्हते. खोलीचे वर्णन वाचायचे आणि आज्ञा टंकित करायची. म्हणजे सगळ्या भूमिकाखेळांचा पूर्वज निखळ वाङ्मयीन होता, ही गोष्ट आपल्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९६ च्या आपल्या निबंधात बार्टल यांनी अशा जगातील खेळाडूंचे चार वर्ग केले: यश मिळवणारे, शोध घेणारे, सहवासासाठी येणारे आणि मारणारे. वर्गीकरण म्हणून ते आज ढोबळ वाटते. त्यातील संबंधांचे निरीक्षण मात्र मार्मिक आहे: मारणारे वाढले की सहवासासाठी येणारे कमी होतात, आणि ज्याला सहवास हवा आहे त्याच्यावरच मारणाऱ्याची दृष्टी विशेष असते, कारण त्यालाच दुखते.

सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'ने हा प्रश्न प्रयोगशाळेतून बाजारात आणला. त्याची भूमी ब्रिटानिया. शहरांत पहारेकरी असत आणि गुन्हा करणाऱ्याला ते जागच्या जागी ठार करीत. वेशीबाहेर मात्र कोणीही कोणालाही मारू शके, आणि मेलेल्याच्या प्रेतावरील माल लुटू शके. खुनी पात्राचे नाव लाल अक्षरांत दिसे, निरपराधाचे निळ्या. रचनाकारांची धारणा अशी की, माणसे एकत्र आली की आपला न्याय आपणच उभा करतील. काही प्रमाणात तसे झालेही: वाटसरूंना सोबत करणारी, लाल नावाच्यांचा पाठलाग करणारी टोळकी निर्माण झाली. पण वाट अडवणारा नेहमी वेळ साधून येतो आणि राखण करणारा नेहमी उशिरा पोचतो, हा अनुभव ब्रिटानियातही आला. नवखे येत, लुटले जात, निघून जात.

२००० साली त्यावर काढलेला तोडगा विलक्षण होता. संपूर्ण ब्रिटानियाची दुसरी प्रत काढण्यात आली. तीच शहरे, तेच रस्ते, त्याच खाणी. जुनीचे नाव फेलुका, नवीचे ट्रॅमेल. ही त्या जगाच्या दोन चंद्रांची नावे. ट्रॅमेलमध्ये संमतीवाचून कोणी कोणावर शस्त्र चालवू शकत नसे. फेलुकात पूर्वीचेच नियम राहिले आणि तेथली झाडे निष्पर्ण करण्यात आली. बहुसंख्य लोक ट्रॅमेलमध्ये निघून गेले. एका संहितेच्या दोन प्रती, एकीत दुष्टता शक्य आणि दुसरीत अशक्य, असा हा प्रकार. धर्मचिंतकांनी शतकानुशतके केवळ कल्पनेत केलेला प्रयोग एका व्यापारी संस्थेने ग्राहक टिकवण्यासाठी प्रत्यक्षात करून टाकला. त्याचे फलित काय, याकडे पुढे वळू.

मधल्या काळात इतर खेळांनी संमतीची वेगवेगळी तंत्रे शोधली. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये साध्या सर्व्हरवरील खेळाडूला दुसऱ्याशी लढायचे असेल, तर कलहाच्या पुजाऱ्याला जाऊन एक ग्रंथ द्यावा लागे. तो दिला की ते पात्र अशाच इतर पात्रांकडून केव्हाही मारले जाऊ शके, आणि मन बदलले म्हणून मागे फिरण्याची वाट नसे. एकदा दिलेला होकार जन्मभराचा! २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने हा होकार उंबरठ्यावरच मागितला: सर्व्हर निवडतानाच युद्धाचा की शांततेचा हे ठरवायचे. पुढे २०१८ मध्ये हे दोन प्रकारचे सर्व्हर मोडीत निघाले आणि प्रत्येकाला आपली युद्धवृत्ती चालू-बंद करण्याची सोय मिळाली. 'रूनस्केप'ने तर आपल्या रानातील खुली मारामारी २००७ मध्ये काढून टाकली आणि खेळाडूंचे मत घेऊन २०११ मध्ये पुन्हा आणली. बहुमताने परत बोलावलेला धोका, असे त्याचे वर्णन करता येईल.

या सर्वांहून वेगळा मार्ग 'ईव्ह ऑनलाइन'चा. आइसलंडमधील एका कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या या खेळात जवळजवळ सगळे खेळाडू एकाच तारकाविश्वात असतात. पळून जायला दुसरी प्रत नाही. तेथील प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षिततेचा एक अंक असतो. वरच्या अंकांच्या प्रदेशात कोणी अकारण हल्ला केला तर दंडसत्तेची जहाजे येतात आणि हल्लेखोराचे जहाज हमखास नष्ट करतात. पण ती हल्ल्यानंतर येतात. हल्ला अशक्य नाही, महाग आहे. आणि ती किंमत मोजायला तयार असलेले लोक असतात. शून्याच्या प्रदेशात तर दंडही नाही. नष्ट झालेले जहाज परत येत नाही. जानेवारी २०१४ मधील एका लढाईला एका आघाडीकडून प्रदेशाच्या हक्काचे देणे वेळेवर भरले न जाण्याचे निमित्त पुरले. ती सुमारे २१ तास चालली आणि तीत 'टायटन' वर्गाची ७५ प्रचंड जहाजे कायमची गेली. प्रत्येक जहाजामागे अनेक माणसांचे कित्येक महिन्यांचे श्रम होते.

अल्टिमाने वाट अडवणाऱ्याला वेगळ्या प्रतीत घातले, वॉरक्राफ्टने त्याच्याकडून आणि त्याच्या सावजाकडून आगाऊ होकार घेतला, ईव्हने त्याला त्याच्या कृत्याची किंमत सांगितली. तिघांनीही प्रश्न व्यवस्थेचा मानला. तो केवळ व्यवस्थेचा आहे काय?

३

'हा तर नुसता खेळ' हे उत्तर सर्वांत आधी तपासले पाहिजे, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नात तेच दडलेले आहे. आपल्याकडील रसचर्चेने या उत्तराची एक प्रौढ आवृत्ती दिली आहे. रंगमंचावरील शोक हा नटाचा नसतो आणि प्रेक्षकाचाही नसतो. तो साधारणीकृत झालेला असतो, म्हणून तो आस्वाद्य होतो. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली ही कल्पना येथे लावून पाहिली तर ती लागू पडत नाही असे दिसते. भूमिकाखेळातील खेळाडू नट असतो, प्रेक्षक असतो, आणि शिवाय त्या पात्राचा मालकही असतो. दुःशासनाचे काम करणाऱ्याची छाती भीमाने रोज रात्री फोडली तरी त्याचे काही जात नाही. ब्रिटानियात लुटला गेलेल्याचे आठवड्याचे श्रम जातात. ते श्रम कल्पित खाणीतले असले तरी आठवडा कल्पित नव्हता.

मग हानी हेच अधर्माचे मूळ मानावे काय? तेही जमत नाही. ईव्हमधील त्या लढाईत झालेली हानी ब्रिटानियातील कोणत्याही वाटमारीहून अतोनात मोठी होती, तरी तीत कोणावर अन्याय झाला असे हरलेलेही म्हणत नाहीत. आणि जेथे वस्तूची काहीच हानी नाही, मेलेला मिनिटभरात धडधाकट उभा राहतो, तेथे कधीकधी अपमानाचा डंख दिवसेंदिवस राहतो. हानीचे माप आणि अन्यायाचे माप एक नाही.

येथे एका वेगळ्या अंगाने विचार करता येईल. हेगेलच्या स्वामी-दास प्रकरणात दोन जाणिवा परस्परांकडून मान्यता मिळावी म्हणून मरणांतिक झुंजतात. पण प्रतिस्पर्ध्याला मारून टाकले तर मान्यता देणाराच उरत नाही, हा त्या झुंजीतला पेच. भूमिकाखेळात हा पेच चमत्कारिक रीतीने सुटलेला असतो. तेथे मेलेला परत येतो, आणि आपल्याला कोणी मारले हे जाणून परत येतो. याचा अर्थ असा की, या जगात मारणे हे संपवणे नसते. ते सांगणे असते. 'मी येथे आहे', 'ही वाट माझी', 'तू नवखा', 'तुझ्या मित्राचा हा बदला' अशी वाक्येच प्रहाराच्या रूपाने उच्चारली जातात. ऑस्टिनने काही उक्ती या कृती असतात असे दाखवले. येथे उलट बाजूने काही कृती या उक्ती आहेत असे म्हणावे लागते. आणि प्रहार ही जर उक्ती असेल, तर तिला उक्तीचेच प्रश्न विचारले पाहिजेत: ती कोणाला उद्देशून आहे? ज्याला उद्देशून आहे त्याला उत्तर देता येते काय?

वॉरक्राफ्टमधील एक तपशील या दृष्टीने मला फार बोलका वाटतो. तेथील दोन परस्परविरोधी पक्षांच्या पात्रांना एकमेकांची भाषा कळत नाही. एकाने काही लिहिले तर दुसऱ्याच्या पडद्यावर ते निरर्थक अक्षरांचा गुंता होऊन उमटते. एका पक्षाचा खेळाडू हसल्याची इंग्रजी आद्याक्षरे लिहितो आणि शत्रूला 'केक' असे काहीतरी दिसते. शत्रू हसतो आहे एवढेच त्या पक्षाने कालांतराने शिकून घेतले. रचनाकारांचा हेतू शिवीगाळ टाळण्याचा असो वा वैर टिकवण्याचा असो, परिणाम असा झाला की, शत्रूशी बोलण्याचे शस्त्र हे एकच साधन उरले. काही खेळाडू मग हात हलवून, वाकून, नाचून तह करीत. भाषा काढून घेतली तरी माणसे उत्तराची जागा शोधतातच.

४

उत्तराची जागा म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कळले ते कोणत्याही ग्रंथातून कळले नाही. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. मंडईत दंडार असते, नाटक असते, आणि खडीगंमत असते. दोन शाहिरांचे संच समोरासमोर उभे केले की तिला 'दुय्यम' म्हणतात. कलगी-तुऱ्याच्या सवालजवाबांचाच हा आमच्याकडील अवतार. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. वाद आध्यात्मिक, पण भाषा काही वेळा अशी की लहानपणी आम्हांला घरचे मागे ओढून नेत. शाहीर प्रतिपक्षाची जात-गोत सोडून बाकी सगळे काढी: त्याचे गुरू, त्याचे अज्ञान, त्याचा बेसूर गळा. कोड्यात पकडून त्याला हजारो माणसांसमोर निरुत्तर करणे हाच त्या रात्रीचा हेतू असे. मऊपणा त्यात काही नसे.

तरीही त्या रात्रीला एक आकार असे. सवाल टाकून झाला की शाहीर बाजूला होई, त्याची ढोलकी थांबे आणि समोरची वाजू लागे. एवढीच ती जागा. समोरच्याला काही सुचले नाही आणि तो नुसताच उभा राहिला, तरी ती वेळ त्याचीच असे. तिच्यात घुसणाऱ्याला लोक बसू देत नसत. त्या स्पर्धेचे सारे नीतिशास्त्र त्या बाजूला होण्यात साठवलेले होते, असे आज वाटते. प्रहार कितीही जहरी असो, तो प्रतिपक्षाला उत्तरास पात्र समजून केलेला असे.

भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही सैन्ये जो 'समय' म्हणजे करार करतात, त्याचे मर्मही हेच आहे. रथ्याने रथ्याशी, गजाने गजाशी, पायदळाने पायदळाशी लढावे हे त्यातले कलम सर्वांना ठाऊक असते. मला अधिक महत्त्वाची वाटतात ती दुसरी दोन. वाणीने युद्ध करणाऱ्याशी वाणीनेच युद्ध करावे, हे एक. आणि प्रतिपक्षाशी बोलून, त्याला सावध करून मग प्रहार करावा. विश्वासून राहिलेल्यावर किंवा भयाने गांगरलेल्यावर करू नये, हे दुसरे. बोलणे आधी, शस्त्र नंतर. युद्ध थांबल्यावर परस्परांत प्रीती असावी अशीही अपेक्षा त्या करारात आहे, जी आज वाचताना अंगावर काटा येतो. कारण पुढे अठरा दिवसांत या कराराचे एकेक कलम कसे गळून पडते हे आपल्याला माहीत असते: दुसऱ्याशी लढणाऱ्या भूरिश्रव्याचा हात अर्जुन तोडतो, भीम नाभीखाली गदा मारतो, आणि शेवटी अश्वत्थामा निजलेल्यांवर चालून जातो. निजलेल्याला मारण्यातला अधर्म त्याच्या मरणात आहे त्याहून अधिक त्याच्या निरुत्तर मरणात आहे. धृष्टद्युम्नाने शस्त्राने मरण मागितले ते एवढ्यासाठीच.

या कसोटीला एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. घात, दबा, अवचित गाठणे हे युद्धखेळाचे मान्य डाव आहेत. बोलून मगच मारायचे तर ईव्हचा शून्य-प्रदेश ओस पडेल. मला वाटते, येथे महाभारताचा करार थोडा सैल करून घ्यावा लागेल. भूमिकाखेळाचे जग टिकाऊ असते. त्यात उत्तर त्याच क्षणी द्यावे लागत नाही. आज माझे जहाज बुडवणाऱ्याला मी उद्या, सहा महिन्यांनी, साथीदार जमवून गाठू शकतो. शून्य-प्रदेशात शिरणारा हे जाणून शिरतो. तेथील दबा हा लांबलेला सवाल आहे आणि काळ ही त्याच्या उत्तराची जागा. याउलट काल आलेल्या नवख्याला जुन्या खेळाडूने पुन:पुन्हा त्याच जागी मारत राहणे, तो उठला की मारणे, उठला की मारणे, यात कोणत्याही नियमाचा भंग नसला तरी सवाल कोठेच नाही. तेथे दुसऱ्याची ढोलकी वाजूच दिली जात नाही.

५

या कसोटीची खरी परीक्षा मार्च २००६ मधील एका घटनेत होते. तिच्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बहुतेक लिखाण निषेध किंवा कुचेष्टा यांपैकी एका टोकाला गेलेले आहे.

वॉरक्राफ्टमधील एक खेळाडू प्रत्यक्ष जीवनात वारली. तिच्या खेळातील सोबत्यांनी तिच्यासाठी खेळाच्याच जगात, एका हिमाच्छादित प्रदेशात, शोकसभा ठरवली. सर्व्हर युद्धाचा होता आणि प्रदेश दोन्ही पक्षांना खुला. सभेची सूचना जाहीरपणे देण्यात आली आणि कोणी व्यत्यय आणू नये अशी विनंती करण्यात आली. सोबत्यांची पात्रे रांगेत उभी राहिली. एवढ्यात प्रतिपक्षाचा एक संघ धावत आला आणि त्याने सगळ्यांना कापून काढले. हल्लेखोरांनी त्याचे चित्रीकरण केले आणि संगीत घालून ते इंटरनेटवर प्रसिद्ध केले.

हल्लेखोरांचा बचाव सोपा होता आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. सर्व्हर युद्धाचा आहे हे सर्वांना मान्य होते. ठिकाण आणि वेळ शत्रूला स्वतःहून सांगितलेली होती. हायझिंगाने खेळाभोवती एक वर्तुळ कल्पिले आहे आणि ठकवणाऱ्यापेक्षा खेळमोड्याला समाज अधिक कठोर वागवतो असे म्हटले आहे, कारण ठकवणारा वर्तुळ मान्य असल्याचे सोंग तरी करतो. या न्यायाने पाहिले तर खेळमोडे कोण? खेळाच्या भूमीवर बाहेरचे मरण आणून 'आता खेळू नका' म्हणणारे, की नियमाप्रमाणे खेळत राहणारे? पुष्कळ खेळाडूंनी त्या वेळी पहिले उत्तर दिले. आणि माझ्या कसोटीलाही हल्लेखोर वरकरणी उतरतात: मारले गेलेले दुसऱ्या दिवशी सूड घेऊ शकत होते.

पण त्या चित्रफितीकडे संहिता म्हणून पाहावे. तिच्यातील विनोद कशावर उभा आहे? समोरचे खरोखर शोक करीत आहेत यावर. ती रांग एखाद्या नेहमीच्या मोहिमेची असती तर चित्रफीत करण्यासारखे त्यात काही नव्हते. असले हल्ले रोज होत. म्हणजे 'हा नुसता खेळ आहे' असा बचाव करणाऱ्यांनी आपली सगळी गंमत, हा नुसता खेळ नाही या गोष्टीतूनच काढली. जे खरे असल्यावाचून त्यांचे हसू निघत नव्हते, तेच खरे असल्याचे त्यांनी नाकारले. ही तार्किक विसंगती आहेच. पण मला ती नैतिक अपराधाची नेमकी जागा वाटते. ते शोक करणाऱ्यांना उद्देशून काही बोलत नव्हते. त्यांच्या प्रहाराचा श्रोता दुसराच होता, पडद्यापलीकडे चित्रफीत पाहणारा. समोरची माणसे त्या उक्तीत श्रोते नव्हती, सामग्री होती. आणि सामग्रीला उत्तर देता येत नाही. उद्या दिलेला सूड हा विलापाचा जवाब ठरत नाही. वाणीने आलेल्याशी वाणीने, हे कलम येथे मोडले. शोकाला तलवारीने उत्तर दिले गेले, आणि तेही दोघांची भाषा परस्परांना कळू न देणाऱ्या जगात.

शोक करणाऱ्यांची चूक काहीच नव्हती असे मी म्हणत नाही. विनंतीवर विसंबून शत्रूच्या वाटेवर निःशस्त्र उभे राहणे हे भाबडेपण आहे. 'विश्वासून राहिलेला' या शब्दाचा अर्थ मात्र भाबडा असाच होतो, आणि करार नेमका त्याच्यासाठी केलेला असतो. सावध माणसाला कराराची गरज कमी.

याच्या शेजारी दुसरी एक घटना ठेवावीशी वाटते. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातील बेनगाझी येथे झालेल्या हल्ल्यात अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतील शॉन स्मिथ मारले गेले. ईव्हच्या जगात ते 'व्हाइल रॅट' या नावाने वावरत आणि तेथेही एका मोठ्या आघाडीचे राजनैतिक बोलणे करीत. त्यांच्या निधनानंतर खेळाडूंनी त्या विश्वातील शेकडो अवकाशस्थानकांना त्यांच्या स्मरणार्थ नावे दिली. स्थानकाचे नाव बदलण्याचा अधिकार ते ताब्यात असणाऱ्याचाच असतो. आणि नावे बदलणाऱ्यांत त्यांच्याविरुद्ध लढलेलेही होते. ज्या जगात दंड नाही, फसवणूक मान्य आहे, गेलेले परत मिळत नाही, त्या सर्वांत निष्ठुर जगात शोकाला जागा मिळाली. नियमांनी बांधलेल्या जगात ती मिळाली नाही. हा योगायोग असू शकेल, आणि दोन उदाहरणांवरून सिद्धांत बांधू नये. परंतु ईव्हमध्ये प्रतिपक्षाशी बोलता येते, वर्षानुवर्षे त्याच्याशीच बोलावे लागते, आणि व्हाइल रॅट यांचे कामच बोलण्याचे होते, एवढे नोंदवून ठेवतो.

६

आता ट्रॅमेल. तेथे गेलेल्यांना मी दोष देणार नाही. दिवसभर राबून संध्याकाळी घटकाभर मासे धरू पाहणाऱ्याने दरोडेखोराच्या नैतिक शिक्षणाची जबाबदारी का घ्यावी? तरीही तेथे काहीतरी हरवले, हे तेथे राहिलेलेच सांगतात. राखण करणारी टोळकी ट्रॅमेलमध्ये निरुपयोगी झाली. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाने मान लववली तर तिचा अर्थ उरला नाही. ट्रॅमेलमध्ये मला कोणी मारू शकत नाही, म्हणून मला कोणी सोडूनही देऊ शकत नाही. फेलुकात रिकाम्या रस्त्यावर लाल नावाचे पात्र दिसावे, दोघांनी क्षणभर थांबावे, आणि त्याने आपल्या वाटेने निघून जावे, ही घटना कोणत्याही नियमाने घडवून आणता येणारी नाही. शांततेच्या प्रतीत ती लिहिताच येत नाही. निष्पर्ण झाडांच्या प्रतीत ती क्वचितच लिहिली गेली, हेही तितकेच खरे.

या दोहोंतली कोणती प्रत निवडावी, हा प्रश्न रचनाकार ग्राहकसंख्येवरून सोडवतील. समीक्षकाला तो तसा सोडवता येत नाही, आणि मलाही सुटलेला नाही.

सौप्तिकपर्वाचा तास संपल्यावर तो विद्यार्थी थांबला होता. भीष्मपर्वातील कराराचे मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, ''सर, आमच्यात बोलाले टाइमच नसते.'' मग थोडा वेळ थांबून त्याने एक प्रसंग सांगितला. सुरुवातीच्या काळात त्या खेळात जवळ आलेल्या परक्या खेळाडूचा आवाजही ऐकू येत असे. एकदा एका पडक्या घरात तो शिरला असता भिंतीपलीकडून कोणीतरी आपल्याच आईला हाक मारून पाणी मागत असल्याचे त्याला ऐकू आले. आवाज आपल्याच आळीतल्या पोराचा आहे हे त्याने ओळखले. त्याने नाव घेऊन हाक मारली. दोघेही बंदुका खाली करून खिडकीपाशी आले आणि गोळी न घालता हसत उभे राहिले. तेवढ्यात लांबून तिसऱ्या कोणीतरी दोघांनाही टिपले. तो कोण होता, हे त्यांना अजून माहीत नाही.